माग चालू असला की

माझ्या बायकोला मी सोडलं ते ती बहिरी झाली म्हणून नव्हे. बहिऱ्या बायकोला आमच्यात कोणी सोडत नाही. आमच्याच गल्लीत अशा दोघी होत्या आणि त्यांचे नवरे घसा ताणून बोलत सुखानं संसार करत होते. मी सोडलं ते ती बहिरी नाही, नुसतं सोंग करते, अशी माझी खात्री पटली म्हणून. ती खात्री मी स्वतः करून घेतली होती, पुराव्यानिशी. मला तेव्हा माझ्या हुशारीचा फार गर्व होता.

आमचं घर विणकरांचं, नागपुरात इतवारीच्या मागल्या अंगाला. घरात शिरलं की आधी माग दिसायचे, मग माणसं. पुढच्या खोलीत दोन आणि मधल्या खोलीत एक असे तीन माग होते. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातानं दोरी ओढली की धोटा खटकन या टोकाहून त्या टोकाला जायचा. एक माग मी चालवायचो, बाकी दोहोंवर रोजानं माणसं बसायची. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत घर नुसतं खटखट करायचं. परका माणूस उंबऱ्यातच कानावर हात ठेवायचा. आम्हाला मात्र तो आवाज जाणवायचाही नाही. उलट एखादा माग मध्येच थांबला तर सगळ्यांच्या माना वर व्हायच्या, की सूत तुटलं की काय.

बायको उमरेडची, तीही मागाच्याच घरातली. धोट्यात घालायच्या कांड्या भरायचं काम तिच्याकडे होतं आणि तिचा हात असा चालायचा की तीन माग मिळून तिला थांबवू शकत नसत. स्वभावानं गरीब, बोलणं हळू. लग्न झाल्यावर चार वर्षं आमचं बरं चाललं होतं. मी मागावर, ती माझ्या पाठीशी रहाटापाशी. मान न वळवता आम्ही दिवसभर बोलायचो. तिच्या भावाची थट्टा केली की ती कांडी फेकून मारायची. ती खटखट आणि त्या खटखटीतलं तिचं बोलणं, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं बोलणं होतं. पुढे कोणाशी तसं बोलायला मिळालं नाही.

मुलगी झाली आणि त्याच सुमाराला धंदा बसला. बाजारात मिलचं कापड होतंच, त्यात जपानी कापड आलं, आणि आमच्या करवती किनारीच्या लुगड्यांकडे कोणी ढुंकून पाहीना. आधी रोजाची माणसं गेली. मग माझाही माग थांबला. पुढच्या खोलीत धूळ बसायला लागली आणि खड्ड्यांवर आईनं फळ्या टाकल्या. घर इतकं शांत झालं की शेजारच्या अंगणातलं कोंबड्यांचं खुडखुडणं ऐकू यायचं. आणि नेमकं त्याच दिवसांत माझ्या बायकोला ऐकू येईनासं झालं.

मी हाक मारली की ती वळायची नाही. आईनं काही मागितलं तर तशीच बसून राहायची. एकदा ती चुलीपाशी पाठमोरी भाकरी थापत होती आणि इकडे पाळण्यातली मुलगी टाहो फोडत होती. आई पाणी भरून आली ती ओरडतच.

"पोट्टी रडून रडून निळी पडली, अन् ही भाकरी थापून राहिली! कान फुटले का वं तुहे?"

बायको दचकून उठली. "मले ऐकूच नाही आलं, आत्याबाई."

"पोटच्या लेकराचं रडणं ऐकू नाही येत? अन् काल परवापर्यंत तीन माग चालू होते तवा बरं ऐकू येत होतं!"

आईचं हे बोलणं माझ्या डोक्यात बसलं. खरंच की. तीन मागांच्या दणदणाटात जिला माझं पुटपुटणंही कळायचं, तिला शांत घरात पोरीचा टाहो ऐकू येत नाही? आधी आम्ही रीतीप्रमाणे औषधं केली. लसूण घालून कढवलेलं तेल कोमट करून कानात सोडलं. गल्लीत कानातला मळ काढणारा आला त्याला बसवलं. त्यानं आपली सळई फिरवून दोन्ही कान पाहिले आणि म्हणाला, "कान तं एकदम साफ हायेत, बाप्पा. काहीच बिघाड नाही." आई माझ्याकडे पाहून नुसती हसली. मळ निघाला असता तर बरं झालं असतं, असं पुढे मला हजारदा वाटलं.

आणखी एक गोष्ट आमच्या नजरेत आली. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात. आमच्या गल्लीतल्या दोघीही बोलायला लागल्या की भांडण चाललंय असं वाटायचं. हिचं बोलणं मात्र दिवसेंदिवस हळू होत चाललं होतं. आईनं निदान करून टाकलं की धंदा बसला, घरात ओढाताण सुरू झाली, आता हिला इथं नांदायचं नाही. भावाकडे जायचं आहे आणि तोंडानं म्हणायची हिंमत नाही, म्हणून हे सोंग. मी आईचं सगळंच ऐकतो असं नव्हतं. पण त्या दिवसांत मी रिकामा होतो, आणि रिकाम्या माणसाला कोणावर तरी राग काढायला हवा असतो.

मग मी परीक्षा घ्यायची ठरवली. मधल्या खोलीतल्या मागावर उभ्या सुताचा थोडा ताणा उरलेला होता. एका दुपारी फळ्या काढल्या, खड्ड्यात उतरलो, आणि बायकोला म्हटलं की कांड्या भर, उरलेलं विणून टाकू. ती आनंदली. पोरीला मांडीवर घेऊन रहाटापाशी बसली. मी धोटा उडवायला सुरुवात केली आणि आईला खूण केली. आई तिच्या पाठीमागे चार हातांवर उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मीठ संपलं का वं?"

"सकायीच संपलं, आत्याबाई," बायको मान न वळवता म्हणाली.

मी माग थांबवला. आईनं तिथूनच, तसंच, पुन्हा विचारलं. बायको कांडी भरत राहिली. आईनं तिसऱ्यांदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं. पोरगी आजीकडे बघून हसली तेव्हा कुठे हिनं वळून पाहिलं.

मी खड्ड्यातून वर आलो आणि तिच्या कानाखाली मारली. उजव्या बाजूला. पोरगी तिच्या मांडीवर होती.

"काहून वं? माग चालू असला का ऐकू येते, अन् बंद झाला का येत नाही?"

ती कान धरून माझ्या तोंडाकडे पाहत होती. मग हळू, तिच्या त्या नेहमीच्या हळू आवाजात, म्हणाली, "हो. माग चालू असला का मले ऐकू येते. बंद असला का नाही येत. कसं ते मले नाही समजत."

आई हसायला लागली. मीही हसलो. एवढं उघड खोटं इतक्या सरळ तोंडानं बोलणारी बाई आम्ही पाहिली नव्हती.

आमच्यात सोडचिठ्ठी कागदावर होत नाही. पंचांपुढे होते, आणि पंच एक वाळकी काडी मोडतात. देवळासमोरच्या पारावर दुपारी पाच पंच बसले. पंच बसले की पोरंसोरंही गप्प बसतात, ती आमची रीत. आजूबाजूच्या घरांतले जे दोन-चार माग चालू होते तेही मानापोटी थांबवले. त्या बाईच्या वाट्याला जगातली सगळी शांतता आणून ठेवली आम्ही.

मी माझा पुरावा सांगितला. मधल्या खोलीत काय झालं, आईनं काय विचारलं, हिनं काय उत्तर दिलं. पंचांना तो फार आवडला. मोठे पंच म्हातारे होते, ओठांवर पांढऱ्या मिशांची झालर. त्यांनी बसल्या जागेवरून तिला विचारलं, "सोंग सोडून नांदाचं हाये का तुले?" ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. मिशांमागे ओठ दिसत नव्हते. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या भावानं तिला कोपरानं ढोसलं. तिला वाटलं आपल्याला झालेला प्रकार सांगायचा आहे. ती उभी राहिली आणि तेच म्हणाली, की माग चालू असला का ऐकू येते, आता इथं माग नाही.

पारावर हशा पिकला. पंचांनी काडी मोडली. ती मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तिचा भाऊ मान खाली घालून उठला तेव्हा तिला कळलं की काय झालं. दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन ती त्याच्यामागे गेली. पाराच्या वळणावर तिनं एकदा मागे पाहिलं, आणि मी दुसरीकडे बघायला लागलो.

पुढे मला सरकारी वैद्यकीय शाळेत नोकरी लागली. काम असं की बेवारशी मेलेल्या माणसांची प्रेतं विद्यार्थ्यांनी फाडून शिकून झाली की हाडं उकळून, खरवडून, साफ करून, वाळवून ठेवायची. विणकराच्या जातीत जन्मून हे काम करायचं म्हणजे काय ते सांगायला नको. आई गल्लीत सांगायची, लेक दवाखान्यात आहे. घरात मात्र मला अंगणात आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही आणि माझ्या पाण्याची घागर वेगळी ठेवायची. पाट लावून माझा दुसरा संसार थाटायला तिनं खूप घरं शोधली, पण मढ्याची हाडं धुणाऱ्याला मुलगी कोण देणार? आई त्याच खंतीत गेली.

माझी बोटं मात्र तिथं नावाजली. तुटलेलं रेशमाचं सूत नुसत्या स्पर्शानं शोधणारी बोटं होती ती. शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की कानाच्या आतली हाडं न मोडता काढणं विद्यार्थ्यांना जमत नाही, मला जमेल. ते हिंदीत सांगायचे आणि एकेक गोष्ट बोट ठेवून दाखवायचे. चौथी शिकलेल्या माणसाला त्यांनी कान शिकवला, अगदी विद्यार्थ्यांपेक्षाही नीट.

बाहेर दिसतो तो कान म्हणजे नुसता पन्हाळीचा तोंडाशी पसरलेला भाग. खरा कान कवटीच्या आत, एका दगडासारख्या टणक हाडात बसवलेला आहे. बाहेरच्या नळीच्या टोकाशी एक पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. बोललेलं आधी त्या पडद्यावर येऊन आदळतं आणि पडदा थरथरतो. पडद्याच्या पलीकडे हवेनं भरलेली चिमुकली खोली, आणि त्या खोलीत तीन हाडं एकमेकांना जोडलेली. पहिलं हातोडीसारखं, ते पडद्याला चिकटलेलं. दुसरं ऐरणीसारखं. तिसरं घोड्याच्या रिकिबीसारखं, दोन पाय आणि खाली एक चपटा तळवा. रिकिबीचा तळवा एका लहानशा खिडकीत बसलेला असतो, आणि पडदा थरथरला की तो आत-बाहेर हलतो. खिडकीपलीकडे पाण्यानं भरलेला गोगलगाईच्या शिंपल्यासारखा अडीच वेढ्यांचा मार्ग. पाणी हलतं, पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे केस हलतात, आणि तिथून शीर मेंदूला खबर देते. मला हे चटकन समजलं. पावडी दाबली की दोऱ्या, दोऱ्या ओढल्या की ताणा, आणि मग धोट्याला वाट. मधली एक गाठ आवळली की पाय कितीही मारा, कापड पुढे सरकत नाही.

ज्या दिवशी मला पडद्याविषयी कळलं त्या दिवशी मला माझा हात आठवला. कानावर बसलेल्या चापटीनं हा पडदा फाटू शकतो, असं डॉक्टर विद्यार्थ्यांना सांगत होते. मी तिथून उठलो आणि हौदावर जाऊन उगीच हात धुवत बसलो. पण तेव्हाही मला वाटत होतं की मारलं ते चूक, बाकी माझं बरोबरच होतं.

रिकिबी मी कितीतरी काढल्या. तांदळाच्या कणीएवढी ती, पण वरचं छत नीट कापून घेतलं आणि चिमट्याच्या टोकानं हलकेच उचललं की खिडकीतून सुटून येते. एकदा मात्र एक येईना. हाड एका बेवारशी बाईचं होतं, बरीच वयस्क. मी जरा जोर लावला आणि रिकिबीचे दोन्ही पाय कट्कन तुटून चिमट्यात आले. तळवा खिडकीतच राहिला. मला वाटलं, आज शिव्या खाव्या लागणार. मी ते हाड डॉक्टरांपुढे नेऊन ठेवलं आणि सरळ सांगितलं की माझ्याकडून मोडलं.

त्यांनी भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, हे तू मोडलं नाहीस. तळव्याभोवती नवं हाड उगवलं होतं आणि त्यानं रिकिबीला खिडकीच्या चौकटीत जखडून टाकलं होतं. ही बाई जिवंतपणीच बहिरी झालेली असणार. हा आजार तरुणपणी लागतो, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि बाळंतपणानंतर पुष्कळदा वाढतो. बाहेरून कानात काहीच दिसत नाही. कान स्वच्छ, पडदा चांगला. म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही.

ते आपल्या नादात सांगत राहिले. अशी माणसं हळू बोलतात, म्हणाले, कारण त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना डोक्याच्या हाडातून आतल्या आत चांगला ऐकू येतो. आपण ओरडतोय असं वाटून ती आवाज खाली आणतात. आणि सगळ्यात मौजेची गोष्ट म्हणजे त्यांना शांततेपेक्षा गोंगाटात चांगलं ऐकू येतं. रेल्वेत, बाजारात, कारखान्यात. कारण गोंगाटात बोलणारा माणूस नकळत आवाज चढवतो. बाकीच्यांच्या कानात तो गोंगाटही शिरतो आणि बोलणं बुडतं. यांचं दार अडकलेलं, त्यामुळे गोंगाट बाहेरच राहतो आणि चढवलेला आवाज तेवढा आत पोचतो. पुस्तकात हे लिहिलेलं आहे, कित्येक पिढ्यांपासून माहीत आहे.

मौजेची गोष्ट, असंच म्हणाले ते. त्यांचा काय दोष? मी चिमटा खाली ठेवला. आई मिठाचं विचारताना मागाच्या वर आवाज जावा म्हणून किती मोठ्यानं ओरडली होती, आणि माग थांबल्यावर तिचा आवाज आपोआप किती खाली आला होता, ते मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. इतक्या वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी उमरेडला जायला हवं होतं. मी दोन वर्षं गेलो नाही. कामं निघाली, ताप आला, लढाईमुळे गाड्यांचं खरं नव्हतं, अशी कारणं मी स्वतःला देत राहिलो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मग ऐकलं की मुलीचं लग्न ठरतंय. मुलगी पंधरा वर्षांची झाली होती. डॉक्टरांनी असंही सांगितलं होतं की हा आजार पुष्कळदा आईकडून लेकीकडे येतो. त्यांच्याकडून मी कान तपासायचा पोलादी काटा मागून घेतला. दोन दांड्यांचा असतो, गुडघ्यावर आपटला की घुमतो. इतवारीहून छोट्या लायनीच्या गाडीत बसलो आणि उमरेडला उतरलो.

तिच्या भावाच्या घराचे माग मला गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू आले. मी दारात उभा राहिलो तेव्हा ती मागाच्या शेजारी बसून कांड्या भरत होती, केस पांढरे झालेले, हात तसाच चपळ. भावानं मला पाहिलं. पाहुणा आला की माग थांबवायचा, हीसुद्धा आमची रीतच. त्यानं माग थांबवला आणि 'भाऊजी' म्हणायचं टाळून नुसतं "बसा" म्हणाला. घर शांत झालं.

मी बसलो. वाटेत सगळं जुळवून ठेवलेलं बोलणं मी सुरू केलं. रिकीब, खिडकी, उगवलेलं हाड, ती बेवारशी बाई. चुकलं म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, पारावर पाहिलं होतं तशी. मध्येच मला कळलं की मी काय करतोय. ज्या माणसाला हे सगळं पाठ होतं त्यानं नेमकं या शांततेत तोंड उघडलं होतं. आणि खरं सांगतो, मला त्यात सुटल्यासारखं वाटलं. बोलणं झालं, आणि तिला ऐकू गेलं नाही.

ती उठली. भावाला हातानं बाजूला केलं, लुगडं सावरून खड्ड्यात उतरली आणि दोरी ओढली. धोटा उडायला लागला. "हं," ती म्हणाली. "आता सांगा काय सांगाचं हाये ते."

मग मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, मागाच्या वर आवाज काढून. ती विणत राहिली. बोटभर कापड झालं असेल. माझं संपल्यावर म्हणाली, "हे समजाले तुमाले मढ्याचं हाड लागलं? मी तं तुमाले तोंडानं सांगतलं होतं."

मी खिशातून कान तपासायचा काटा काढून मांडीवर ठेवला.

"दोनदा सांगतलं," ती म्हणाली. "घरी एक बार अन् पारावर एक बार." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिचे पाय धरले असते. तिनं माग थांबवला नाही. मग म्हणाली, "उजव्या कानानं आता मागावरही ऐकू येत नाही. माहं जाऊ द्या. पोरीचे कान पाहा."

मुलगी आतून आली. मला पाहून लाजली. बाप म्हणून तिनं मला पहिल्यांदाच पाहिलं असेल. मागल्या अंगणात तिला बसवलं. काटा गुडघ्यावर आपटून त्याची खालची मूठ तिच्या कानामागच्या हाडावर टेकवली. ऐकू येणं थांबलं की बोट वर कर, म्हटलं. बोट वर झालं की काटा कानाच्या तोंडाशी धरायचा. चांगल्या कानाला तिथं तो पुन्हा ऐकू येतो. मी धरला.

"येते का ऐकू?"

"नाही," ती हसून म्हणाली. "थांबलं."

काटा माझ्या हातात घुमत होता. मला तो ऐकू येत होता. दुसऱ्या कानालाही तेच झालं. मी पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. दारात बायको उभी होती. ऐकू न येणारी माणसं चेहरे वाचायला शिकतात. माझा चेहरा वाचायला तिला वेळ लागला नाही. तिनं मुलीला पाणी आणायला पाठवलं आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मले माहीत होतं. सकायी माग लागाच्या आधी हाक मारली का मान वयवत नाही. कोणाले सांगू नका. घर पाहून देल्लं हाये तिले. चार माग हायेत तिथी, चारही चालू."

मी मान हलवली. मला सांगावंसं वाटलं की माग बंद पडतात. पण हे तिला मी सांगायचं?

लग्न झालं. मुलगी नागपुरातच दिली आहे, माझ्या घरापासून लांब नाही. जावई भला माणूस आहे. मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो. गल्लीत वळलो की आधी थांबतो आणि माग मोजतो. सवयीच्या कानाला कितीही आवाज मिसळलेले असले तरी माग वेगळे ओळखू येतात. वर्षभर चारही वाजत होते. मग सुताचं कंट्रोल आलं, कार्डावर सूत मिळायचं तेही अपुरं, आणि गेल्या दिवाळीला तीन राहिले. मागल्या महिन्यात गेलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मी बराच वेळ उभा राहिलो. काहीच वाजत नव्हतं.

दार उघडं होतं. जावई सुतासाठी गेला होता. तिची सासू ओसरीवर तोंड फुगवून बसली होती, मला पाहून म्हणाली, "बरं झालं आले. तुमची लेक आजकाल हाक मारली का ओ देत नाही."

मुलगी आत चुलीपाशी पाठमोरी भाकरी थापत होती. तिला सातवा महिना होता. पाठीमागून हाक मारायचा मला धीर झाला नाही. मी चुलीला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, आणि तिनं वर पाहिल्यावर मग बोललो. मग ओसरीवर आलो, सासूबाईंसमोर जमिनीवर बसलो, आणि खिशातून काटा काढून त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायला लागलो. माग चालू असला की तिला ऐकू येतं, एवढं म्हटलं आणि त्या हसायला लागल्या.